फाइल घरातच आहे, तरी दुवा मेलेला: विखुरलेल्या संग्रहाचं पुन्हा पुन्हा उपटणारं दुखणं

लक्षण ओळखीचं आहे. टिपण उघडतं, 'ध्वनिफीत ऐका'वर टिचकी मारली की 'फाइल सापडली नाही'. फाइल गेलेली नसते. शोध घेतला तर त्याच संगणकावर, दोन फोल्डर पलीकडे धडधाकट सापडते. मग दुवा दुरुस्त केला जातो. पंधरवड्याने दुसऱ्या कुणाच्या घरी तोच दुवा तुटलेला निघतो, आणि बऱ्याचदा तो त्या दुरुस्तीनेच तुटलेला असतो; एका घरी बरोबर असलेला पत्ता दुसऱ्या घरी चुकीचा ठरतो.

ज्यांचा सगळा संग्रह एका सर्व्हरवर आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. हे त्यांच्यासाठी, ज्यांच्या प्रती चार-सहा घरांत आहेत, संगणक एकमेकांशी थेट बोलतात आणि मध्ये कुणी मालक नाही. आमचा बडोद्यातला संग्रह असाच आहे. दांडिया बाजारातल्या काकांकडे मोडी कागदांचे फोटो आणि जुनी पत्रं, कारेलीबागेतल्या मावशींकडे कॅसेटींवरून उतरवलेली कीर्तनं, मकरपुऱ्याच्या भाच्याकडे गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, आणि लग्न होऊन पुण्याला गेलेल्या ताईकडे सगळ्याची एकेक प्रत. फायली सिंकथिंगने, म्हणजे संगणकांतली फोल्डरं थेट एकमेकांशी जुळती ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने, फिरतात; टिपणं एचटीएमएल आणि मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपांत आहेत. टिपणातून कागदाकडे, कागदातून आवाजाकडे, आवाजातून परत दुसऱ्या टिपणाकडे दुव्यांचं जाळं आहे.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. बडोद्याची फाइल पुण्याला पोचतच नाही, किंवा मुंगीच्या पावलाने पोचते, हे दुखणं वेगळं आहे. बहुतेक घरगुती जोडण्या आता सामायिक आयपी पत्त्यामागे असतात. दोन्ही टोकं अशी झाकलेली असली की थेट जोडणी बऱ्याचदा होत नाही आणि माल रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातो. त्याने उशीर होतो, दुवे तुटत नाहीत. ताई दिवाळीला घरी येते तेव्हा दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर ठेवले की थकलेलं सगळं रात्रीत उतरतं. पुढे फक्त तुटलेल्या दुव्यांबद्दल.

पहिली तपासणी: दुव्याच्या पोटात काय लिहिलंय

टिपण साध्या मजकूर संपादकात उघडा आणि दुवा अक्षरशः वाचा. त्यात 'ई:' किंवा 'एफ:' असं ड्राइव्हचं अक्षर दिसलं तर पुढे फार शोधायला नको. विंडोज बाहेरच्या डिस्कला जे अक्षर मोकळं असेल ते देतं. पेनड्राइव्ह आधी लावला तर डिस्कचं अक्षर सरकतं. मॅक आणि लिनक्सला तर हे अक्षर ठाऊकच नाही.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ज्यांची घरं तळमजल्यावर होती त्यांनी डिस्का उचलून वरच्या मजल्यावर, नातेवाइकांकडे, जमेल तिथे हलवल्या. माल सगळा वाचला. पण डिस्का परत येऊन दुसऱ्या संगणकांना लागल्या आणि ड्राइव्हच्या अक्षरावर उभे असलेले दुवे एका झटक्यात गेले. यावर लगेचचा उपाय म्हणजे दुवे सापेक्ष करणे, म्हणजे 'या टिपणाच्या एक पायरी वर, मग आवाज नावाच्या फोल्डरात' असे. बरेच जण इथे थांबतात आणि सुटलो म्हणतात. सुटलेले नसतात.

कारण मावशींनी 'आवाज' या फोल्डराचं नाव बदलून 'कीर्तने' केलं. सिंकथिंग ते बदललेलं नाव इमानाने सगळ्यांकडे नेतं. तुकड्यांचे हॅश, म्हणजे बाइट्सवरून काढलेले ओळखीचे आकडे, जुळतात म्हणून तो माल पुन्हा ओढतही नाही, जागच्या जागी नवी फाइल उभी करतो आणि जुनी काढतो. पण टिपणाच्या मजकुरात 'आवाज' लिहिलंय ते तो कशाला बदलेल? त्याच्या दृष्टीने टिपण म्हणजे नुसते बाइट्स. म्हणजे फोल्डर जितक्या कार्यक्षमतेने फिरतं तितक्या वेगाने दुवे सगळ्या घरांत एकदम मरतात. मावशींचं काही चुकलं नाही. आपल्या घरातलं कपाट त्यांनी लावू नये, असं कोण सांगणार? 'नावं बदलू नका' अशी सूचना गटावर टाकणारे मी पाहिलेत. ती सूचना पुढच्या साफसफाईपर्यंत टिकते.

खरं कारण

दुवा जागेला बांधलेला आहे. जागा एकाच मालकाची असती तर चाललं असतं. इथे प्रत्येक घर आपापल्या जागेचं मालक आहे, तेव्हा जागा हलत राहणार हे गृहीत धरूनच दुवा बांधायला हवा.

बडोदेकरांना हे समजायला जड जाऊ नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं उभारलं. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. पुस्तक कपाटात असो की पेटीत, त्याचा दाखल क्रमांक तोच राहतो, आणि आज ते कुठे आहे याची नोंद वेगळ्या वहीत होते. आपल्याला नेमकं हेच करायचं आहे: दुव्यात क्रमांक, आणि जागा वेगळ्या वहीत.

फरक एवढाच की क्रमांक देणारा ग्रंथपाल आपल्याकडे नाही. म्हणून क्रमांक वस्तूतूनच काढायचा. फाइलच्या बाइट्सवरून शा-२५६ हॅश काढला की ६४ अक्षरांचा आकडा मिळतो. तीच फाइल कुठल्याही घरी, कुठल्याही नावाने असली तरी आकडा तोच; एक बाइट बदलला तर आकडा पार वेगळा. कुणाला विचारावं लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल, मॅकवर शासम, लिनक्सवर शा२५६सम हे आधीपासूनच असतात, वेगळं काही बसवावं लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाच्या काही संशोधकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'स्टॉर्म' नावाची साठवण याच तत्त्वावर बांधली होती: न बदलणारे ठोकळे, ठोकळ्याचं नाव त्याचाच हॅश. विदा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलते तेव्हा दोन गोष्टी बिघडतात असं त्यांचं निदान होतं. दुवे लोंबकळतात, आणि एकाच दस्तऐवजाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचा माग सुटतो. आमच्या घरांत नेमकं तेच दोन्ही होतं. त्या काळी हॅश शा-१ चा असे. २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय आणि गूगलच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफ फायलींचा शा-१ एकच येऊ शकतो हे प्रत्यक्ष करून दाखवलं. तेव्हा कुठल्या जुन्या लेखात शा-१ वापरा असं दिसलं तरी शा-२५६ च घ्या.

दुरुस्ती, बैजवार

आधी संग्रहाचे दोन भाग करा. न बदलणाऱ्या वस्तू: स्कॅन, फोटो, आवाज. बदलणाऱ्या: टिपणं, याद्या, मोडीचं लिप्यंतर. बहुतेक गोंधळ हे दोन्ही एकाच फोल्डरात एकाच नियमाने ठेवल्यामुळे होतो.

न बदलणाऱ्या वस्तूंसाठी टिपणातला दुवा हॅशचा करा, पूर्ण ६४ अक्षरांचा. फाइलच्या नावात सुरुवातीला हॅशची पहिली १२ अक्षरं जोडली तरी पुरे, मग पुढे 'रामनवमी कीर्तन' वगैरे माणसांसाठी. १२ अक्षरं म्हणजे ४८ बिट. २०,००० फायलींच्या संग्रहात त्यांची आपसात टक्कर व्हायची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी. तरी दुव्यात मात्र पूर्णच लिहा, कारण संग्रह उद्या कुणाच्या मोठ्या संग्रहात मिसळला तर काय, ते आज ठरवता येत नाही.

मग प्रत्येक संगणकावर एक वही: कुठला हॅश सध्या कुठल्या वाटेवर, म्हणजे कुठल्या फोल्डरात कुठल्या नावाने, आहे. छोटी पायथन लिपी (स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम) सगळी फोल्डरं चाळून ती बनवते. पहिल्यांदा वेळ लागतो. नंतर आकार आणि बदलाची वेळ तीच असेल तर फाइल पुन्हा मोजायची नाही, म्हणजे काम मिनिटांत उरकतं. टिपण दाखवताना लिपी वहीत पाहते आणि दुवा त्या क्षणी खऱ्या वाटेवर नेते. मावशींनी उद्या 'कीर्तने'चं 'जुने रेकॉर्डिंग' केलं तर त्यांच्या संगणकावरची वही पुढच्या फेरीत आपोआप बदलेल, टिपणाला हात लावायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण नव्याने बसवणारे इथेच अडकतात. ही वही सिंक करू नका. मोह होतो, कारण वही म्हणजे सगळ्या संग्रहाचा नकाशा आणि तो सगळ्यांकडे असावा असं वाटतं. पण काकांच्या संगणकावरच्या वाटा ताईकडे नेल्या की आपण मूळ दुखणंच नव्या कपड्यांत परत आणलं. शिवाय दोन संगणक एकच फाइल सारखी लिहू लागले की सिंकथिंग 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाच्या प्रती पाडायला लागतं. वही जिथल्या तिथे राहू द्या. सिंकथिंगच्या दुर्लक्ष-यादीत तिचं नाव घाला. हरवली तर पुन्हा बनते, त्यात कुणाचं काही जात नाही.

हॅशच्या दुव्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. कीर्तनाच्या फितीतला बारावा मिनिट, जिथे बुवा गायकवाडी दरबारातली आठवण सांगतात, तिथे थेट दुवा द्यायचा असतो. फाइलच्या नावाला 'बारावा मिनिट' जोडला आणि कुणी सुरुवातीची खरखर कापून फाइल त्याच नावाने ठेवली, तर दुवा तुटत नाही, चुकीच्या जागी नेतो, आणि ते जास्त वाईट. हॅश अधिक 'येथून तेथवर' असा दुवा असला तर असं होऊच शकत नाही, कारण कापलेल्या फाइलचा हॅश वेगळा. 'हायपरटेक्स्ट' आणि 'हायपरमीडिया' हे दोन्ही शब्द १९६५ मध्ये वापरात आणणारे टेड नेल्सन अशाच, मजकुराच्या नेमक्या तुकड्याला धरणाऱ्या दुव्यांच्या मागे होते. वेबने पुढे सोपा रस्ता धरला, पत्त्याचा, आणि त्याची किंमत आपण मोजतोय.

'या कागदाकडे कुठून कुठून दुवे येतात' हे उलट शोधणंही यात फुकट पडतं. टिपणांत तो हॅश शोधा, झालं.

फाइल तीच, हॅश वेगळा

बदल झाला आणि आठवड्याभरात तक्रार आली: 'तोच फोटो आहे, पण तुमची लिपी ओळखत नाही.' तो फोटो तोच नसतो. नेहमीचे गुन्हेगार असे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र पुन्हा दाबून आकाराने लहान केलं जातं. डोळ्याला सारखं, बाइट्स वेगळे. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर तसंच पोचतं. फोटो दाखवणाऱ्या काही प्रोग्रॅमांत चित्र फिरवून जतन केलं की फाइल नव्याने लिहिली जाते. आवाजाच्या एमपी३ फाइलमध्ये गायकाचं नाव भरलं तर आवाज जसाच्या तसा असतो पण माहितीचा कप्पा बदलतो आणि हॅशही. मजकुराच्या फायलींत विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं, लिनक्स एक. आवृत्त्यांचा माग ठेवणारा गिट हा प्रोग्रॅम वापरत असाल तर तो ही चिन्हं गुपचूप बदलू शकतो.

यावर उपाय म्हणून फोटोच्या 'दिसण्याचा' हॅश काढावा असं कुणी सुचवतं. नका काढू. मोडी कागदाच्या दोन पानांत फरक असतो तो एखाद्या ओळीचा, आणि दिसण्याचे हॅश अशी दोन पानं सहज एक ठरवतील. त्यापेक्षा मूळ स्कॅनचं फोल्डर फक्त-वाचनाचं करा, काकांच्या बाजूने सिंकथिंगमध्ये 'फक्त पाठवा' आणि इतरांकडे 'फक्त स्वीकारा'. ज्यांना फिरवायचं-कापायचं असेल त्यांनी प्रत काढावी. प्रतीला नवा हॅश मिळेल आणि टिपणात 'ही अमुकची कापलेली प्रत' अशी ओळ. त्या एका ओळीने पुढचे वाद मिटतात.

ऱ चं प्रकरण

हे खास आपलं. इंग्रजी मार्गदर्शकांत याचा उल्लेख सापडणार नाही, आणि मराठी नावांच्या फायली ठेवणाऱ्याला कधी ना कधी भेटणारच.

'मकरपुऱ्याचा गणपती' नावाचं फोल्डर. काही घरांत ते दोनदा दिसतं, अक्षरन् अक्षर सारखं, आणि अर्ध्या फायली एकात, अर्ध्या दुसऱ्यात. दोष त्या ऱ चा. युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह यू+०९३१, किंवा साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३C अशी जोडी, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर 'ऱ्या' तिन्ही वेळा सारखाच उमटतो. लिनक्स नावाचे बाइट्स पाहतो, त्यामुळे त्याला ही तीन वेगळी फोल्डरं. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत नावं सुटी करून ठेवली जायची, म्हणजे पहिल्याची दुसरी तऱ्हा व्हायची. नवी व्यवस्था नाव जसं दिलं तसं ठेवते पण पहिल्या दोन तऱ्हा एकच मानते.

पहिली आणि दुसरी तऱ्हा युनिकोडच्या नियमाने समान आहेत, म्हणून नावांचं प्रमाणीकरण केलं की त्या एक होतात. सिंकथिंगमध्ये त्यासाठी स्वयं-प्रमाणीकरणाचा पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. कुणी बंद केलाय का तेवढं पाहा. तिसरी तऱ्हा मात्र त्या नियमात बसत नाही. ती कुठलंही प्रमाणीकरण दुरुस्त करणार नाही, ती शोधून हाताने (किंवा आपल्याच लिपीने) बदलावी लागते. कुठल्या कळफलकाने ती घातली याचा शोध घेऊन ठेवा, नाहीतर दर गणपतीला नवं फोल्डर उगवेल.

याच जातीचा दुसरा त्रास लांब नावांचा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट्स घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची, बाइट्सची नाही. आमच्या भाच्याने कार्यक्रमपत्रिकेचं पूर्ण शीर्षक, वक्त्यांच्या नावांसकट, फाइलला दिलं की ती फाइल विंडोजवर छान राहते आणि लिनक्सवर उतरतच नाही. सिंकथिंग कायम अपूर्ण टक्केवारी दाखवत बसतं. दुवा तुटला म्हणून तक्रार येते, प्रत्यक्षात वस्तूच पोचलेली नसते. नावं आखूड करा, तपशील टिपणात.

टिपणांच्या दोन-दोन प्रती

आता बदलणारा भाग. काकांनी मोडी पत्राच्या लिप्यंतरात एक शब्द सुधारला, त्याच दिवशी ताईने पुण्याहून तळटीप घातली. दोघांचे संगणक त्या वेळी जोडलेले नव्हते. जोडले गेल्यावर सिंकथिंग ज्या प्रतीची बदलाची वेळ जुनी तिला 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव, तारीख आणि वेळ चिकटवून बाजूला ठेवतं. माल जात नाही, पण दुवे नव्या प्रतीकडे राहतात आणि काकांची सुधारणा बाजूच्या फाइलमध्ये पडून राहते. कुणी 'ही कसली कचरा फाइल' म्हणून ती उडवतं.

त्यातही वेळेवर विश्वास ठेवणं धोक्याचं. जुन्या डेस्कटॉपचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) मेला की चालू केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. त्या संगणकावर आज केलेली दुरुस्ती कायम 'जुनी' ठरणार.

म्हणून टिपणाला दोन ओळखी द्या. एक कायमची, टिपण जन्मलं तेव्हा यदृच्छेने काढलेली, जी कधी बदलत नाही, दुवे हिला. दुसरी प्रत्येक आवृत्तीचा हॅश. आवृत्ती जतन करताना तिच्या डोक्यावर एक ओळ: 'आधीची आवृत्ती अमुक हॅश'. जतन झालेली आवृत्ती मग न बदलणारी वस्तू, बाकीच्यांसारखीच. काकांची आणि ताईची आवृत्ती दोन्ही एकाच जुन्या आवृत्तीला 'आधीची' म्हणत असतील तर फाटा फुटलाय हे घड्याळ न पाहता कळतं. लिपी दोन्ही शेजारी-शेजारी दाखवते. कुणीतरी बसून जुळवतं आणि नवी आवृत्ती 'आधीच्या'त दोन्ही हॅश लिहिते. गिट २००५ पासून हेच करतं. ज्यांना गिट जमतं त्यांनी टिपणांसाठी सरळ तेच घ्यावं. काका-मावशींना 'मर्ज' शिकवायचा माझ्यात धीर नाही, म्हणून लिपी.

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. तिथे एका हस्तलिखिताचा पाठ दुसऱ्यावर लिहून पुसला नाही. पाठभेद खाली, कुठल्या पोथीत काय ते सांगून. जुळवायला बसलात तर ही शिस्त ठेवा. 'आधीची आवृत्ती' उडवायची नाही, जागा फार लागत नाही.

आणि 'सध्याची आवृत्ती कुठली' ही नोंद एका सामायिक फाइलमध्ये ठेवू नका. प्रत्येक यंत्राची वेगळी नोंदफाइल: काकांच्या डेस्कटॉपची एक, त्यांच्या फोनची दुसरी. एका फाइलमध्ये एकच यंत्र लिहितं, बाकीची फक्त वाचतात, म्हणून तिथे झगडा होऊच शकत नाही. वाचताना सगळ्या नोंदी एकत्र करायच्या. माणसामागे एक फाइल ठेवलीत तर फोन आणि लॅपटॉप आपसात भांडतील, यंत्रामागेच ठेवा.

हायपरकोर किंवा स्कटलबटसारख्या, पुढे-पुढेच लिहीत जाणाऱ्या नोंदवह्या वापरणाऱ्यांना हाच नियम जास्त कडक लागू आहे. तिथे गुप्त किल्ली दोन यंत्रांवर उतरवून दोन्हीकडून लिहिलं की नोंदवही दुभंगते आणि बाकीचे साथी तिचा पुढचा भाग स्वीकारत नाहीत. नवा लॅपटॉप घेतलात तर जुन्या लॅपटॉपची किल्ली कॉपी करून दोन्ही चालू ठेवू नका. नव्याला नवी किल्ली, आणि जुन्या नोंदवहीत शेवटची ओळ 'पुढे अमुक किल्लीकडे पाहा'.

आयपीएफएसवर टाकलं होतं, सोमवारी दिसत होतं

आयपीएफएस या हॅशवरून वस्तू शोधणाऱ्या सार्वजनिक जाळ्याला 'कायमची साठवण' समजणारे पुष्कळ. ती साठवण नाही, शोधण्याची नि पोचवण्याची व्यवस्था आहे. तुमच्या यंत्राकडे अमुक वस्तू आहे ही घोषणा सार्वजनिक जाळ्यात ४८ तास टिकते. कुबो हा आयपीएफएस चालवणारा प्रोग्रॅम ती मुळात २२ तासांनी नव्याने करतो. लॅपटॉप शनिवारी मिटून बुधवारी उघडला तर मधले दिवस वस्तू तुमच्याकडून मिळत नाही, आणि सोमवारनंतर तर जाळ्याला ती माहीतही नसते. दोन-तीन घरांनी ती पिन करून, म्हणजे 'ही उडवायची नाही' अशी खूण करून, ठेवावी, आणि त्यातलं एक तरी यंत्र, एखादा जुना रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक, सतत चालू असावं. पिन न केलेली वस्तू साफसफाई चालली की जाते, मग ती रोज पाहिलेली का असेना.

आणखी एक गैरसमज: आयपीएफएसची ओळख, म्हणजे सीआयडी, फाइलच्या शा-२५६ शी जुळत नाही म्हणून 'फाइल खराब झाली' असं ठरवणं. मोठी फाइल तुकड्यांत मोडून त्यांच्या झाडाचा हॅश काढला जातो. तुकड्यांचं माप किंवा सीआयडीची पिढी बदलली की त्याच फाइलची ओळख वेगळी येते. म्हणून आमच्या टिपणांत दुवा साध्या शा-२५६ चाच आहे, सीआयडी फक्त 'इथूनही मिळेल' म्हणून खाली.

लग्नपत्रिका चालेल, पण जन्मपत्रिका, सातबारा, घराची कागदपत्रं सार्वजनिक आयपीएफएसवर टाकू नका. हॅशने ओळखली जाणारी वस्तू एकदा दुसऱ्याच्या यंत्रावर गेली की ती परत मागायची सोय नाही. आपल्याकडची पिन काढली तरी त्याची राहते. घरातल्या घरात सिंकथिंग पुरतं.

कुणाकडेच सापडत नसेल तर

हॅश आहे, दुवा शाबूत आहे, कुठल्याच घराच्या वहीत ती वस्तू नाही. हॅशवरून फाइल परत बनवता येत नाही, तेव्हा शोधाशोध करावीच लागते: सिंकथिंगच्या जुन्या आवृत्त्यांचं लपलेलं फोल्डर (ते आधी चालू केलं असेल तरच), जुन्या फोनचं मेमरी कार्ड, ईमेलच्या जोडण्या, अडगळीतल्या सीड्या. शोधायला नाव नको, लिपीला ती सगळी डिस्क चाळायला लावा. नाव काहीही असलं तरी हॅश जुळला की तीच.

व्हॉट्सअ‍ॅपमधून दाबलेली प्रत तेवढी सापडली तर तिला जुना हॅश चिकटवायचा मोह टाळा. तिला तिचा स्वतःचा हॅश द्या आणि एका 'ऐवजी' यादीत नोंद करा: अमुक मूळ मिळत नाही, तोवर ही. लिपी दुवा तिकडे नेईल आणि वर पिवळ्या पट्टीत तसं दाखवेल. मूळ पुढे कधी कुणाच्या ट्रंकेत निघालं, तर वहीच्या पुढच्या फेरीत जुना दुवा आपोआप त्याच्यावर जाऊन बसतो. 'ऐवजी'ची ओळ काढायची तेवढी राहते.